सुरेखाचा मांजऱ्या

सुरेखा गेल्याची बातमी मला कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर कळली. मी तासावर होते. बारावीच्या मुलींना नकाशावरच्या समोच्च रेषा मोजायला लावल्या होत्या आणि टेबलावर फोन एकसारखा थरथरत होता. तास संपल्यावर पाहिलं. कुणीतरी लिहिलं होतं, 'भडगावची सुरेखा गेली, काल सकाळी.' खाली दोघींनी विचारलं होतं, 'सुरेखा कोण?' त्यावर तिसरीचं उत्तर होतं, 'अगं, आपली मांजरी!' आणि मग सगळ्यांना एकदम ओळख पटली. 'अरे देवा, मांजरी?' 'किती साधी होती मांजरी...' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी स्टाफरूमच्या दारात उभी राहून ते पुन्हा पुन्हा वर-खाली करत राहिले. तीसेक वर्षांनी, मरणानंतरसुद्धा, ती ज्या नावाने ओळखली गेली ते नाव मी पाडलेलं होतं. ग्रुपवर मी काहीच लिहिलं नाही. पुढचा तास होता, तो घेतला.

या पुरवणीच्या वाचकांपैकी काहींना मी ठाऊक असेन. दोन वर्षांपूर्वी इथेच माझा 'जमिनीखालचे शब्द' नावाचा एक लेख आला होता. विहीर खोदणाऱ्या माणसांच्या भाषेवरचा. त्यावर पुष्कळ पत्रं आली, धुळ्यात एका वाचनालयाने मला बोलावून शाल दिली. त्या लेखाबद्दलही आज लिहायचं आहे. पण ते आधी सांगितलं तर सुरेखा पुन्हा मागेच राहील. म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

जळगावला अकरावी सायन्सला आम्ही जिऑलॉजी घेतलं तेव्हा त्या विषयाला जेमतेम एका बाकाच्या रांगेपुरती मुलं होती. ज्यांना डॉक्टर व्हायचं ते बायॉलॉजीकडे गेले, ज्यांना इंजिनिअर व्हायचं त्यांनी शिकवण्या लावल्या आणि उरलेले आम्ही इमारतीच्या मागच्या बाजूला, पत्र्याखालच्या लांबट प्रयोगशाळेत. भिंतीला लागून लाकडी ट्रे, ट्रेमध्ये खडकांचे तुकडे, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने घातलेला आकडा. मी तिथे गेले ते पुस्तकांमुळे. वडील शाळेत मुख्याध्यापक, घरात कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त आणि पृथ्वीच्या पोटाची चित्रं असलेलं एक जाड पुस्तक मी सातवीपासून छातीशी धरून झोपत असे. खरा खडक मात्र मी कधी हातात घेतला नव्हता. सुरेखा आली ती भडगावकडच्या गिरणाकाठच्या एका गावातून. मावशीकडे राहायची. तिचे वडील, आबा, पंचक्रोशीत विहिरी खोदायची कामं घ्यायचे. खड्ड्यावर उभी केलेली यारी, तिच्या दोराला लोंबकळत वर येणारी दगडांची बादली, खाली उतरलेली माणसं, हे ती पाळण्यात असल्यापासून पाहत आलेली. तिला विचारलं, हा विषय का घेतलास? म्हणाली, "आबा म्हणाले, आपण जे खणतो त्याचंही पुस्तक असतं म्हणे, बघ तर काय लिहिलंय."

आम्ही शेजारी बसायचो. मी तिला इंग्रजी शब्द फोडून सांगायची, ती मला दगड धरायला शिकवायची. हे मी गमतीने म्हणत नाही, दगड खरोखरच धरावा लागतो. मी तो दोन बोटांत धरून डोळ्यांजवळ नेत असे, चष्म्याच्या दुकानात काच बघावी तसा. ती तळहातावर घेऊन जरासा झेलायची, दुसऱ्या दगडाने त्यावर टक् करायची आणि कान वळवायची. "टणटण बोलला की पाषाण. बद्द बोलला तर आत पोकळ आहे, पाणी असेल." सर चाकू, खिळा आणि नाणं घेऊन काठिण्य मोजायला शिकवत, त्याआधीच ती नुसत्या आवाजावरून सांगून मोकळी. मी वहीत लिहून घ्यायची. तिच्या डब्यात कळण्याची भाकरी असायची, माझ्यात पोळी. अर्धी-अर्धी करायचो. माझी ती पहिली मैत्रीण. शाळेत मला मैत्रीण नव्हती. मी गप्प असायची, आणि गप्प मुलीला मुली हुशार म्हणतात पण डबा खायला बोलवत नाहीत.

अकरावीच्या दिवाळीनंतर सरांनी आम्हाला गावाबाहेर नेलं. टेकडी कापून रस्ता काढला होता, त्या कापात थरावर थर उघडे पडलेले. सर हातोडी टेकवत पुढे चालले होते आणि एकेकाला विचारत होते. तांबूस, भोकाभोकांचा, भोकांत पांढरं काहीतरी भरलेला एक थर आला. सरांनी हातोडी टेकवली. पाळी सुरेखाची होती.

"सर, हा मांजऱ्या," ती म्हणाली. जराही न अडखळता.

"काय?"

"मांजऱ्या, सर. ह्याला पाणी लागतं. आमचे आबा म्हणतात, मांजऱ्याला पाणी आणि पाषाणाला घाम."

सरांची हातोडी तिथेच थांबली. सर मनातल्या मनात तो शब्द फिरवून पाहत असावेत, असं आज वाटतं. कदाचित ते पुढे काहीतरी विचारणारही होते... मला त्या थराचं पुस्तकातलं नाव येत होतं. अमिग्डलॉइडल बेसाल्ट. जिभेच्या टोकावर होतं. पण त्या शांततेत माझ्या तोंडून भलतंच निघालं. अगदी हळू, शेजारच्या दोघींना ऐकू जाईल एवढंच. मी म्हणाले, "म्याव."

सगळे हसले. पोट धरून हसले. सरसुद्धा हसले आणि म्हणाले, "बाई गं, पेपरात असं लिहू नकोस." एका मुलाने माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर एवढी माणसं हसली होती आणि खोटं कशाला सांगू, परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून तो क्षण आठवून आठवून सुखावत होते. सुरेखाही हसली होती. ती माझ्याच शेजारी बसली होती. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या फळ्यावर कुणीतरी शेपटी वर केलेलं मांजर काढलं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मांजऱ्या'. त्याची मांजरी व्हायला दोन दिवस लागले. मीही तिला तशीच हाक मारू लागले. ती ओ द्यायची.

त्यानंतर तिने दगड कानाशी नेणं सोडलं. इतकं हळूहळू सोडलं की माझ्या लक्षात यायला महिने गेले. बारावीच्या प्रात्यक्षिकाला बाहेरून परीक्षक आले होते. तोंडी परीक्षेत तिच्यासमोर नेमका तोच भोकाभोकांचा तुकडा ठेवला गेला. नाव तिला पाठ होतं, आदल्या संध्याकाळी मीच दहा वेळा म्हणवून घेतलं होतं. पण ती गप्प उभी राहिली. बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, "अगं, येत होतं ना तुला?" ती म्हणाली, "येत होतं. पण पहिला दुसराच शब्द तोंडात आला, मग तोंडच मिटलं." मी तिला म्हटलं, "वेडीच आहेस." एवढंच म्हटलं मी.

ती पुढे शिकली नाही. मी भूगोलात पदवी घेतली, एम. ए. केलं, धुळ्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवू लागले. तिचं शिक्षण माझ्या एका शब्दाने थांबलं असं म्हणायला मी धजत नाही, त्यातही स्वतःला उगीच मोठं केल्यासारखं होईल. घरची कारणं होती, आबांना सुरुंगाच्या कामात एका कानाने ऐकू येईनासं झालं होतं, कामावर विश्वासाचं माणूस हवं होतं. लग्न गावातल्याच प्राथमिक शिक्षकाशी झालं आणि आबांचं काम तिने हातात घेतलं. तरीही बी.एस्सी.चा अर्ज तिने आणला होता, हे मला माहीत आहे. तिच्या पिशवीत मी तो पाहिला होता. कोरा.

मग वीसहून अधिक वर्षं आमची भेट नाही. मी बारावीच्या मुलांची क्षेत्रभेट काढली होती, चाळीसगावहून भडगावकडे. गिरणेची गाळाची जमीन बघायची, एखादी विहीर बघायची. विहीर दाखवायला गावातल्यांनी ज्यांना बोलावलं त्या बाई स्कूटरवरून आल्या, डोक्याला रुमाल बांधलेला, पायात बूट. "या या, मास्तरीणबाई!" म्हणून तिने मला ओळखून मिठीच मारली. ती सुरेखा आहे हे मी ओळखेपर्यंत तिची मिठी सुटलीही होती. माझ्या ओठांवर जे नाव आलं ते मी गिळलं. तिने पोरांना विहिरीच्या काठाशी अर्धवर्तुळात उभं केलं आणि बोटाने खाली खाली दाखवत गेली. वरची काळी, तिच्याखाली पांढरी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, त्याच्याखाली पाषाण. प्रत्येकाला आवाज होता, प्रत्येकाची एकेक गोष्ट होती. माझी पोरं, जी माझ्या तासाला वहीच्या मागच्या पानावर फुली-गोळा खेळतात, ती तोंड उघडं टाकून ऐकत होती. एकाने विचारलं, "मावशी, तुम्ही हे कुठे शिकलात?" तिने माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "थोडं खड्ड्यात, थोडं जळगावला." मी एकेक शब्द वहीत उतरवून घेतला. निघताना ती म्हणाली, "अजूनही लिहून घेतेस का गं सगळं?"

त्या वहीतून 'जमिनीखालचे शब्द' झाला. सगळे शब्द तिचे, आबांची म्हण तिची, थरांच्या गोष्टी तिच्या. लेखात मी लिहिलं, 'गिरणाकाठच्या एका निरक्षर बाईने मला हे सांगितलं.' निरक्षर. माझ्याच बाकावर दोन वर्षं बसलेली, माझ्याइतकंच बारावी सायन्स झालेली बाई. मी तसं का लिहिलं हे मला तेव्हाही नीट माहीत होतं. त्या वाक्यात ते शोभत होतं. खेड्यातल्या अक्षरशून्य तोंडी इतकं शहाणपण, वाचक हळहळतील, डोळे पुसतील. आणि तिचं नाव लिहिलं असतं तर तिची-माझी ओळख सांगावी लागली असती, ओळख सांगितली की कॉलेज आलं असतं, आणि कॉलेज आलं की टेकडीचा तो काप. शाल घेताना कुणीतरी मला विचारलं, "एवढे शब्द जमवले कसे?" मी म्हणाले, "वर्षानुवर्षं खेड्यापाड्यांतून फिरून." एक दिवस फिरले होते मी. बसने.

लेख आला त्या रविवारी दुपारी तिचा फोन आला. ती म्हणाली, "वाचलं गं. फार छान लिहिलंस. आबांनाही वाचून दाखवलं." मग थोडी थांबून, "एवढंच चुकलंय. मांजराच्या अंगावर ठिपके असतात म्हणून मांजऱ्या म्हणतात, असं तू लिहिलंस. तसं नाही. आबा म्हणतात, त्याच्यावर पहार मारली तर आवाज होत नाही, मांजराच्या पावलासारखी जाते, म्हणून. खरं-खोटं देव जाणे. पण ठिपके नाहीत त्यात."

"अगं, मी वहीत ठिपके..."

"तू बघून लिहिलंस. मी ऐकून सांगितलं होतं."

निरक्षर या शब्दाबद्दल ती काही बोलली नाही. मी म्हटलं, पुरवणीला दुरुस्ती पाठवते. ती म्हणाली, "पाठव, किंवा राहू दे." मी पाठवली नाही. दुरुस्तीत ठिपके बदलून भागलं नसतं, ती बाई कोण हेही बदलावं लागलं असतं. पुढच्या सुट्टीत भडगावला जाऊन समोरासमोर काय ते बोलायचं, असं ठरवलं. मग परीक्षा आल्या, मग पेपर तपासणी. ती आजारी आहे हे मला कुणी सांगितलं नाही, आणि कुणी सांगावं असं मी काही ठेवलंही नव्हतं.

ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी भडगावला गेले. तिच्या यजमानांनी दार उघडलं. आबा आतल्या खोलीत खाटेवर बसले होते, आता खूप म्हातारे, पण मनगटं तशीच जाड. मी चांगल्या कानाच्या बाजूने जवळ बसून नाव सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "पेपरमा लिखनारी? जळगावनी?" मग ते बोलत राहिले. सुरेखा दर रविवारी त्यांना ही पुरवणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायची. माझा लेखही तिने वाचला. त्यांनी तिला विचारलं होतं, यात तुझं नाव कुठे आहे? आणि ही बाई कोण, जिला वाचता येत नाही? "ती म्हने, व्हई कोनी तरी बाई," आबा म्हणाले. मग जरा पुढे झुकून, अभिमानाने, मला एक गोष्ट सांगितली. अकरावीत असताना सुट्टीला घरी आल्यावर पोरीने त्यांना सांगितलं होतं, "आबा, कॉलेजमा तुमना शबद फळावर लिखा." त्यांनी ते तेव्हापासून गावभर सांगितलं. आपला शब्द जळगावच्या कॉलेजात फळ्यावर लिहिला गेला.

तिने खोटं सांगितलं नव्हतं. शब्द फळ्यावर लिहिला गेलाच होता. वरचं मांजर तेवढं तिने वगळलं... त्या खोलीत बसल्या बसल्या मला पहिल्यांदा कळलं की आम्ही त्या दिवशी टेकडीपाशी तिला हसलोच नव्हतो. तो शब्द तिच्या वडिलांचा होता. बापाला हसलेलं तिने घरी येताना बापापर्यंत पोचू दिलं नाही, आणि मला त्याबद्दल एका शब्दाने कधी टोचलं नाही. मी चहा घेतला, उठले आणि धुळ्याला परत आले.

घरी येऊन हा लेख लिहायला घेतला. अर्ध्यावर आल्यावर ध्यानात आलं की हा छापून आला की गावात कुणीतरी वाचणार आणि पारावर आबांना सांगणार. तिने जपून ठेवलेली गोष्ट मी दुसऱ्यांदा पेपरातून फोडणार होते. न लिहावं, असंही वाटलं. पण तसं केलं तर 'निरक्षर बाई' तशीच राहते, आणि ग्रुपवरची मांजरीही. शेवटी मागच्या रविवारी पुन्हा भडगावला गेले. जे काही आहे ते आबांना आधी माझ्या तोंडून कळावं, एवढंच ठरवून.

मी हळू बोलते. वर्गातही मागच्या बाकावरून पोरं ओरडतात, मॅडम मोठ्याने. आबांपाशी बसून मी सांगायला सुरुवात केली, तर ते दर वाक्याला "काय?" म्हणत. आवाज चढवत चढवत सांगितलं. टेकडीचा काप सांगितला. फळ्यावरचं मांजर सांगितलं. ती निरक्षर बाई कोण तेही सांगितलं. तिचे यजमान दारात येऊन उभे राहिले.

"बठ्ठा हसनात?" आबांनी विचारलं.

"हो, आबा. सगळे."

"आनि तू? तू काय करं?"

मी सांगितलं. त्यांनी हात कानामागे धरला. "काय?"

मग मला ते मोठ्याने म्हणावं लागलं, त्या दोन खोल्यांच्या घरात, तिच्या फोटोसमोर, तिच्या नवऱ्यासमोर. "म्याव केलं, आबा." जे मी दोघींना ऐकू जाईल एवढंच म्हणाले होते, ते ओट्यावर बसलेल्या शेजारणीलाही ऐकू गेलं असेल.

आबांनी मान खाली घालून आपल्या हातांकडे पाहिलं. मला वाटलं रागावतील. वाटलं रडतील. कदाचित, सगळं माफ आहे पोरी, असंही म्हणतील... खरं सांगायचं तर या शेवटच्याची मी वाटच पाहत होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "हाई तिले सांगनं व्हतं, पोरी. माले सांगीसन काय?"

जे तिला सांगायचं होतं ते मी त्यांना सांगून बसले होते. उठावं की बसावं कळेना. आबांनी खाटेखाली हात घालून चाचपलं आणि पुरवण्यांचा एक गठ्ठा बाहेर ओढला. ती अंथरुणाला खिळली तेव्हापासूनचे सगळे रविवार, घडीसुद्धा न मोडलेले. त्यांनी सगळ्यात खालची काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"बठ. वाच," ते म्हणाले.

मी घडी उलगडली, पहिल्या पानावरचा पहिला मथळा वाचला आणि त्याखालचं पहिलं वाक्य. आबांनी हात पुन्हा कानामागे नेला.

"मोठ्यानी," ते म्हणाले. "सुरेखा मोठ्यानी वाचे."